सात जण आणि साठ जण : गडचिरोलीतील यादवीचे पहिले दशक

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत समारंभ झाला, बंदुका टेबलावर मांडल्या गेल्या, छायाचित्रे निघाली. तेव्हापासून जिकडेतिकडे शेवटाची भाषा सुरू आहे. शेवटाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हाला सुरुवातीविषयी लिहायचे आहे. आज चाळिशीत असलेल्या आमच्या भागातल्या माणसाने ही लढाई जन्मापासून पाहिली. ती ऊन-पावसासारखी आपोआपच आली असावी, असे त्याला वाटते. वास्तविक ती एका विशिष्ट वर्षी, नदीच्या एका विशिष्ट काठावर आणि अगदी थोड्या माणसांच्या हाताने सुरू झाली. तेव्हा कोणाचे बळ किती होते, हे पाहिल्याखेरीज पुढची पंचेचाळीस वर्षे समजत नाहीत.

आधी शब्दाचा निकाल लावू. सरकार याला नक्षलवाद म्हणत आले. लढणारे लोकयुद्ध म्हणत. गावात 'दादालोक' किंवा 'जंगलवाले' एवढेच म्हणतात, तेही आवाज खाली आणून. आम्ही यादवी हा जुना मराठी शब्द वापरतो आहोत. द्वारकेच्या यादवांनी आपापसांत लढून एकमेकांना संपवले, त्या कथेतून तो आला. हा शब्द येथे कितपत शोभतो, असे कोणी विचारील. एका बाजूला भारताचे राज्य आणि दुसऱ्या बाजूला काही दलमे, याला गृहयुद्ध कसे म्हणावे? आक्षेप बरोबर आहे. पण पोलिसांच्याच नोंदी पाहाव्यात. गडचिरोलीत या संघर्षात पाचशेहून अधिक सामान्य नागरिक आणि दोनशेहून अधिक पोलीस मारले गेले. मारले गेलेले नक्षलवादी वेगळेच. या सर्व मृतांची आडनावे एकत्र लिहिली, तर आत्राम, मडावी, पुंगाटी, उसेंडी, कोवासे हीच पुन्हा पुन्हा येतील. कोण कोणत्या बाजूचा होता, हे आडनावावरून ओळखता येणार नाही. यादवी म्हणायला आम्हाला एवढे पुरे आहे.

भूगोलापासून सुरुवात करू. आमच्या भद्रावतीचे जुने नाव भांदक, रेल्वे स्टेशनवर आजही तेच. गावात विजासनची बौद्ध लेणी आहेत, भद्रनागाचे देऊळ आहे, जैनांचे मोठे तीर्थ आहे आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर उभा राहिलेला दारूगोळ्याचा कारखानाही आहे. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. या स्टेशनवरून दक्षिणेची गाडी धरली की चंद्रपूर, बल्लारशाह, मग सिरपूर-कागजनगर, बेल्लमपल्ली, मंचेरियाल, रामगुंडम, पेद्दपल्ली अशी गावे लागतात. सगळा पट्टा कोळशाचा आणि कागदाचा. बल्लारपूरला थापरांची कागद गिरणी, कागजनगरला निजामाच्या काळात निघालेली गिरणी, आणि दोन्हींना बांबू हवा. खाणीतला मजूरही असाच रुळाच्या कडेने सरकत आला. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी येथील वस्त्यांत तेलुगू भाषा तेव्हापासून घरची आहे. नक्षलवाद चंद्रपूर जिल्ह्यात 'बाहेरून' आला असे म्हणण्याची पद्धत आहे. पण ज्या रस्त्याने कोळसा, बांबू आणि मजूर ये-जा करत होते, त्याच रस्त्याने तो आला. हा रस्ता बाहेरचा कसा म्हणायचा?

पलीकडच्या काठावरच्या घटना थोडक्यात सांगितल्या पाहिजेत. तेलंगणातील सशस्त्र लढा म्हटला की आपल्याकडे रझाकार आणि पोलीस ॲक्शन एवढेच आठवते. मुस्लिम वाचकाला तर तो विषय निघाला की अंग चोरून बसावेसे वाटते. परंतु सप्टेंबर १९४७ मध्ये निजामाविरुद्ध आणि देशमुखांविरुद्ध सशस्त्र लढ्याची हाक देणाऱ्यांत रावी नारायण रेड्डी यांच्याबरोबर शायर मख्दूम मोहिउद्दीन होते, हे विसरू नये. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले, पण लढा १९५१ पर्यंत चालला. भारतीय फौजेचा रेटा वाढल्यावर उरलेले गनीम गोदावरीच्या जंगलांकडे सरकले. मैदानात हरलो तर जंगलात जायचे, हा धडा त्या पिढीच्या हाडीमांशी बसला. कोंडापल्ली सीतारामय्या हे त्याच परंपरेतले. आणीबाणीनंतर करीमनगर जिल्ह्यात त्यांच्या मंडळींनी शेतमजुरांची मोठी बांधणी केली. सप्टेंबर १९७८ मध्ये जगत्यालला हजारोंचा मोर्चा निघाला. जमीनदार गाव सोडून शहरात गेले. पाठोपाठ जगत्याल आणि सिरसिल्ला हे तालुके 'अशांत क्षेत्र' म्हणून जाहीर झाले आणि पोलिसांचे तळ पडले.

आता मैदानातल्या चळवळीला मागे जायला जागा हवी होती. २२ एप्रिल १९८० रोजी पीपल्स वॉर गटाची स्थापना झाली आणि त्याच सुमारास जंगलात सात तुकड्या पाठवायचे ठरले. चार उत्तर तेलंगणाच्या जंगलात, दोन बस्तरमध्ये आणि एक आपल्याकडे, प्राणहिता ओलांडून सिरोंच्याच्या बाजूला. प्रत्येकीत पाच ते सात माणसे. म्हणजे आज ज्या संघर्षासाठी हजारो जवान तैनात करावे लागले, त्याची गडचिरोलीतील सुरुवात एका बैलगाडीत मावतील एवढ्या माणसांनी झाली. त्यांचा हेतूही तेव्हा फार मोठा नव्हता. पलीकडे मार बसला तर माघार घ्यायला जागा तयार ठेवणे, हे पहिले काम. राज्य उलथवणे वगैरे कागदावर होते.

हाच काठ का निवडला, हे नकाशाच सांगतो. सिरोंचा हे प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमावरचे गाव. समोर आंध्र (आता तेलंगणा), पूर्वेला इंद्रावतीपलीकडे बस्तर, तेव्हाचा मध्य प्रदेश. एका राज्याचा पोलीस नदीच्या काठावर येऊन थांबतो, कारण पलीकडे त्याचे कायद्याचे हात पोचत नाहीत. महाराष्ट्राचा पोलीस दोनशे किलोमीटरवरच्या चंद्रपूरहून येणार. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता. सिरोंचा, एटापल्ली, भामरागड हे सारे चांदा जिल्ह्याचे शेपूट होते. पावसाळ्यात पर्लकोटा, बांदिया, इंद्रावतीला पूर आला की भामरागडचा भाग कित्येक दिवस जगापासून तुटतो. तेथे बदली म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा, असे सरकारी कर्मचारी उघड म्हणत. ज्या भागात आपला कर्मचारी शिक्षा म्हणून जातो, त्या भागावर राज्याचा ताबा किती असणार?

पहिली तुकडी आली आणि काही महिन्यांतच तिचा म्होरक्या गेला. पेद्दी शंकर हा बेल्लमपल्लीचा, कोळसा खाणीच्या वस्तीत वाढलेला दलित तरुण. २ नोव्हेंबर १९८० रोजी सिरोंचा तालुक्यातील मोयाबिनपेठा येथे तो पोलिसांच्या गोळीने ठार झाला. गडचिरोलीतील या संघर्षाचा पहिला बळी म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. त्याच्या आठच दिवस आधी, २५ ऑक्टोबरला, दिल्लीत वनसंवर्धन कायदा अमलात आला होता. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. एक दिल्लीच्या कागदावर घडली, दुसरी सिरोंच्याच्या झुडपात. पण इतिहासाच्या दृष्टीने त्या आम्हाला एकाच आठवड्यात ठेवाव्याशा वाटतात. वनजमीन केंद्राच्या परवानगीवाचून इतर कामाला द्यायची नाही, असे कायद्याने ठरवले. मोठ्या धरणांना आणि खाणींना आळा घालणे हा त्याचा हेतू चांगलाच होता. पण पिढ्यान्पिढ्या जंगलात नांगर धरणाऱ्या माडिया शेतकऱ्याच्या कपाळी 'अतिक्रमणदार' हा शिक्का अधिकच पक्का बसला. १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आधी झाला होता खरा, पण त्याची अंमलबजावणी गावापर्यंत आली ती तुरळकच.

पहिला नेता पहिल्याच वर्षी मारला गेलेली सात-आठ माणसांची तुकडी संपायला हवी होती. ती का संपली नाही? ताकदीच्या हिशेबात याचे उत्तर बंदुकांत सापडत नाही.

त्या वेळचा हिशेब मांडून पाहू. तुकडीकडे बारा बोअरच्या, भरमार अशा बंदुका आणि फार तर काही थ्री नॉट थ्री. माणसे तेलुगू बोलणारी; माडिया, गोंडी त्यांना येत नव्हती, ती त्यांना शिकावी लागली. समोर पोलीस ठाणी दूरदूर, प्रत्येकात मोजके शिपाई; तेही बाहेरचे, त्यांनाही माडिया येत नव्हती. फरक एवढाच, की त्यांनी ती शिकली नाही. आमच्या मते पहिल्या दशकातील बलाबलाचे अर्धे गणित या एका वाक्यात आहे. गावाशी त्याच्या भाषेत बोलणारा सशस्त्र माणूस एकच होता, आणि तो सरकारचा नव्हता.

गावाला तेव्हा खरे राज्य दिसत होते ते पोलिसांचे नव्हेच, ते जंगल खात्याचे. नाकेदार आणि रेंजर. सरपणाला जंगलात गेले तर दंड, बैल चरला तर दंड, आणि दंड पावतीवाचून. कधी कोंबडीत, कधी मोहाच्या दारूत, कधी फुकटच्या राबणुकीत. हा अनुभव इतक्या जणांनी इतक्या ठिकाणी सांगितला आहे की कोणत्याही बाजूचा अभ्यासक तो नाकारत नाही. तुकडीने पहिले पाऊल येथेच टाकले. नाकेदाराला गावासमोर उभे करून जाब विचारणे, वेठ बंद पाडणे. यासाठी फार बंदुका लागत नाहीत. शंभर वर्षे ज्याला 'साहेब' म्हटले, तो मान खाली घालून उभा आहे, हे एकदा गावाने पाहिले की पुरते.

दुसरी जागा बांबूची आणि तेंदूची. बल्लारपूरच्या गिरणीला गडचिरोलीचा बांबू अल्प दरात मिळे आणि तोडणाऱ्या मजुराला त्याहून अल्प. वीस बांबूंच्या बंडलाला दहा पैसे मिळत, असे चळवळीच्या बाजूचे लोक सांगतात. पुढे संप झाले, दर वाढले. तेंदूचा विषय तर आपल्या वाचकांच्या घरातला आहे. कामठीपासून सोलापूरपर्यंत विडीच्या सुपावर किती घरांच्या चुली पेटल्या आणि किती मुले शिकली, हे आम्ही वेगळे सांगायला नको. ज्या पानात ती विडी वळली जाई, ते पान मे महिन्यातल्या उन्हात गडचिरोलीच्या बाईने खुडलेले असे. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी फळीवर पुडे मोजले जात, आणि मोजणारा फळीमुन्शी काही पुडे 'खराब' म्हणून बाजूला टाकी. ते नंतर खराब राहत नसत. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूचा व्यापार सरकारी नियमनाखाली आला होता. पण जंगलाच्या कडेला कायदा पोचेपर्यंत तो ठेकेदाराच्या खिशातून जाई. पुड्याचा दर ठरवण्यासाठी मजुरांनी काम बंद ठेवायचे आणि मागे दलमने उभे राहायचे, हे तंत्र दरवर्षी मे महिन्यात यशस्वी होत गेले. पहिल्या दशकात या चळवळीला जी लोकमान्यता मिळाली, तिचा मोठा हिस्सा या काही पैशांच्या वाढीत आहे. क्रांतीच्या सिद्धान्ताचा त्यात वाटा थोडा.

परंतु याच जागी एक गाठ बसली. ठेकेदाराने दर वाढवून दिला आणि वर दलमलाही रक्कम दिली. त्याला धंदा करायचा होता. मजुराचा दर आणि दलमची वर्गणी एकाच बैठकीत ठरू लागली. तेंदूचा हंगाम हा पुढे दलमच्या वर्षभराच्या खर्चाचा आधार बनला. म्हणजे ज्या ठेकेदाराविरुद्ध लढा सुरू झाला, तो टिकणे ही दोघांचीही गरज झाली. चळवळीच्या प्रामाणिक माणसांनाही ही गाठ पुढे सोडवता आली नाही.

येथे थोडे मागे जाऊन एक जुनी नोंद सांगतो, कारण ती आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते. १८५८ मध्ये याच मुलखात मोनमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. त्यांच्या सोबत गोंड-माडिया होते आणि रोहिलेही होते. इंग्रजांच्या नोंदीत 'रोहिले आणि गोंड' अशी जोडीच येते. त्यांनी राजगड परगण्यावर ताबा मिळवला, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले, चिंचगोंडीजवळ तारखात्याचे दोन इंग्रज मारले गेले. इंग्रज फौजेला जंगलात त्यांना पकडता आले नाही. शेवटी अहेरीच्या जमीनदारीणबाईंच्या मदतीने ते हाती लागले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. आदिवासी जमीनदाराला आदिवासी जमीनदारीच्याच हातून पकडायचे, हा मार्ग इंग्रजांना तेव्हाच उमगला होता. त्या रोहिल्यांची नावे मात्र कोणी टिपून ठेवलेली दिसत नाहीत.

पुन्हा १९८० च्या दशकात येऊ. सुरुवातीची तीन-चार वर्षे सरकारला हा प्रकार दरोडेखोरीहून वेगळा वाटला नाही. फेब्रुवारी १९८४ मध्ये कमलापूरला त्याची जाणीव झाली. कमलापूर हे अहेरी तालुक्यातले गाव. आज सरकारी हत्तींच्या तळासाठी लोक ते पाहायला जातात. तेथे आदिवासी शेतकरी-शेतमजुरांची परिषद भरायची होती. जंगलातून गावोगावची माणसे येणार, शहरांतून वकील, लेखक, विद्यार्थी येणार. सरकारने परिषदेवर बंदी घातली, रस्ते अडवले, येणाऱ्यांना अटक केली. परिषद झाली नाही. आमच्या मते उघड चळवळ आणि गुप्त दलम यांच्यामध्ये तोवर जी एक वाट शिल्लक होती, ती त्या दिवशी अरुंद झाली. सरकारने ती बंद केली म्हणून माणसे जंगलात गेली, असे एक बाजू म्हणते. परिषदेच्या मागे दलमच होते, असे दुसरी म्हणते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. सभा भरवण्याची सोय नसलेल्या गावाने तक्रार कोठे करायची, या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन्ही बाजूंनी दिले नाही.

त्याच वर्षी, त्याच जंगलात दुसरी एक चळवळ उभी राहिली आणि जिंकली. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणे होणार होती. कितीतरी माडिया गावे पाण्याखाली जाणार होती. बाबा आमटे आणि पानाबारसचे लालश्याम शाह यांच्या पुढाकाराने 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले. माणसे हजारोंनी चालत आली, आणि ती धरणे झाली नाहीत. बंदुकीवाचून मिळालेला हा विजय नक्षल चळवळीच्या इतिहासकारांना अडचणीचा वाटतो आणि पोलिसांच्या इतिहासकारांना गौण. १९८४ साली या मुलखात दोनच शक्ती होत्या असे जे आज लिहिले जाते, ते बरोबर नाही. किमान तीन होत्या. हेमलकशाचा दवाखाना १९७३ पासून होता, १९८६ मध्ये गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांचे काम सुरू झाले, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासातून ग्रामसभा आकार घेत होती. ही तिसरी शक्ती शस्त्रधारी नव्हती, म्हणून बलाबलाच्या तक्त्यात तिला रकाना मिळत नाही, एवढेच.

दशकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. दलमांना आता भागावरून नावे पडू लागली आणि स्थानिक पोरे-पोरी त्यांत भरती होऊ लागल्या. तेलुगू पुढारी आणि माडिया शिपाई, अशी रचना झाली. ही रचना पुढे कधीच पुरती बदलली नाही, हे त्या चळवळीचे एक दुखणे. दुसरीकडे राज्य राखीव पोलिसांच्या तुकड्या आल्या. दोन्ही बाजूंच्या बंदुका वाढल्या आणि गावाच्या वाट्याला एक नवा शब्द आला : खबऱ्या. कोणी पोलीस पाटील, कोणी कोतवाल, कोणी ठाण्यावर मीठ-तेल पोचवणारा दुकानदार. रात्री दाराशी आवाज येई, जनअदालत भरे, सकाळी रस्त्यावर प्रेत आणि त्यावर चिठ्ठी. तर दिवसा पोलीस येऊन विचारत, काल रात्री भात कोणी शिजवून दिला? बंदूकधारी पाहुण्याला भात नाही म्हणण्याची हिंमत कोणात असते? दिलेला भात हा गुन्हा आणि न दिलेला भात हाही गुन्हा.

या गुन्ह्यासाठी टाडा कायदा आला. टाडा म्हटले की आपल्या वाचकाला १९९३ ची मुंबई आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. ज्यांच्या घरातली माणसे त्या कायद्याखाली वर्षानुवर्षे जामिनावाचून आत राहिली, त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण मुंबईच्या कितीतरी आधी हा कायदा गडचिरोलीत लागू झाला होता. १९८५ चा कायदा, १९८७ मध्ये पुन्हा नव्याने केलेला. दलमला जेवण दिले, निरोप पोचवला, सभेला गेला, एवढ्यावरून आदिवासी माणसे त्याखाली आत टाकली गेली. त्यांतल्या अनेकांना आपल्यावरचा आरोप कोणत्या भाषेत लिहिला आहे, हेही कळत नव्हते. १९९५ मध्ये कायदा संपला. भेंडीबाजार आणि भामरागड यांची भेट एका कायद्याच्या कलमात झाली, तरी दोघांनी एकमेकांना ओळखले नाही. आमच्या चर्चासत्रांतून टाडाविषयी इतके बोलले गेले, त्यात गडचिरोलीचा उल्लेख किती वेळा आला? आम्हाला तर एकदाही आठवत नाही.

डिसेंबर १९९० मध्ये गडचिरोलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचे एक पथक उभारले. सी-६० हे त्याचे नाव. यात नवे काय होते? जवान स्थानिक होते. माडिया आणि गोंडी बोलणारे, जंगलाच्या पायवाटा ठाऊक असलेले, कोणत्या गावात कोणाचे सोयरे आहेत हे जाणणारे. दहा वर्षांपूर्वी जो एक फायदा फक्त दलमकडे होता, म्हणजे भाषा, तो राज्याने या साठ पोरांच्या रूपाने मिळवला. शस्त्रास्त्रे, गाड्या, वायरलेस हे सारे राज्याकडे आधीपासून होतेच. ते चालत नव्हते, ते आता चालू लागले. लष्करी दृष्टीने ही मोठी कल्पकता, यात शंका नाही. बस्तरमध्ये २००५ नंतर सलवा जुडूमच्या नावाने गावकऱ्यांच्या हाती जशा बंदुका दिल्या गेल्या आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले, तसा हा प्रकार नव्हता. सी-६० चे जवान पगारी, कायद्याने बांधलेले पोलीस होते आणि आहेत. हा फरक महत्त्वाचा आहे.

तरीही यादवी हा शब्द येथूनच पुरा लागू होतो. आता समोरासमोर उभे राहणारे दोघेही त्याच जंगलातले. एक पोरगा दहावी नापास होऊन पोलीस भरतीच्या रांगेत उभा राहिला, दुसरा गुरे राखताना दलमच्या गाण्यामागे गेला. कधी दोघे एकाच आश्रमशाळेतले. सी-६० च्या जवानाच्या घरच्यांना गाव सोडून ठाण्याच्या ठिकाणी राहायला यावे लागे, कारण बदला त्यांच्यावर निघे. दलममधल्या मुलीच्या आईबापांना ठाण्यावर हजेरीला जावे लागे.

१९८० या वर्षाशी जुळणारे एक उदाहरण जगात आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात १७ मे १९८० रोजी, आपली तुकडी प्राणहिता ओलांडत होती त्याच सुमारास, चुस्ची नावाच्या डोंगरातल्या खेड्यात 'शायनिंग पाथ' या माओवादी गटाने मतपेट्या जाळून युद्ध पुकारले. तेथेही सुरुवातीला लिमा शहरातल्या सरकारला तो किरकोळ प्रकार वाटला. तेथेही पुढारी शिकलेले, स्पॅनिश बोलणारे आणि शिपाई डोंगरातले केचुआ भाषक. तेथेही सरकारने पुढे त्याच शेतकऱ्यांची सशस्त्र पथके उभारली. २००३ मध्ये सत्यशोधन आयोगाने हिशेब केला तेव्हा मृतांचा अंदाज सुमारे ६९ हजारांवर गेला आणि त्यांतले चारांपैकी तीन जण केचुआ बोलणारे निघाले. गडचिरोलीचा आकडा त्या मानाने फारच लहान आहे. पण तेथे निदान असा आयोग बसला आणि त्याने दोन्ही बाजूंनी मारलेल्यांची मोजणी केली.

पहिला टप्पा कोठे संपला, असे विचारले तर आम्ही १९९१ म्हणू. त्या वर्षी दलमने आमदार धर्मरावबाबा आत्राम यांचे अपहरण केले. अहेरीच्या राजघराण्यातला, निवडून आलेला लोकप्रतिनिधी जंगलात नेला गेला आणि त्याच्या सुटकेसाठी शिवण्णा या नक्षल नेत्याला सरकारने सोडले. सात माणसांची तुकडी आता राज्याशी देवघेवीच्या बैठकीला बसण्याइतकी मोठी झाली होती, आणि राज्याकडे ती बैठक टाळण्याइतके बळ तोवर नव्हते. एका बाजूला सी-६० जेमतेम काही महिन्यांचे, दुसऱ्या बाजूला जंगलभर पसरलेली दलमे. पुढची मोठी हत्याकांडे यानंतरची : २००९ मध्ये मर्केगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे एकाच वर्षात मारले गेलेले पोलीस, एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूरच्या चकमकीत मारले गेलेले चाळीस नक्षलवादी, नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोला. त्यात ठार झालेला मिलिंद तेलतुंबडे वणीजवळच्या राजूरचा, आमच्याच कोळशाच्या पट्ट्यात कामगार चळवळ केलेला. त्या टप्प्यांवर वेगळे लिहावे लागेल.

बांबूचे काय झाले, तेवढे सांगून थांबतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवले. मेंढा (लेखा) गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर मेंढ्याचा बांबू ग्रामसभेच्या सहीने जंगलाबाहेर जाऊ लागला.